भिंत शोधणारी नजर : विहिरीत शिकलेल्या मुलीचा फ्लिप टर्न

आपण लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. मुलगी चौदा वर्षांची असून पोहणे शेतातल्या विहिरीत शिकली. गेल्या दोन उन्हाळ्यांपासून आपण तिला मोटारसायकलवर तालुक्याच्या पंचवीस मीटरच्या तलावावर नेता. १०० मीटर फ्रीस्टाइलला तिला १ मिनिट २४ सेकंद लागतात. शालेय स्पर्धेत ती भिंतीपर्यंत इतर मुलींच्या बरोबरीने येते आणि भिंतीवरून निघताना अंगभर मागे पडते. फ्लिप टर्न (भिंतीपाशी पाण्यातच कोलांटउडी मारून पायांनी भिंत ढकलत परत निघणे) घेताना तिच्या नाकात पाणी जाते, कधी पाय भिंतीला लागतच नाहीत, तर कधी टाच काठाखालच्या पन्हळीवर आपटते. तलावावर शिकवणारे कोणी नाही, मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून जे उमगले ते केले. आता हे सुधारावे कसे, त्याला किती दिवस लागतील आणि घरच्या विहिरीत याचा सराव चालेल का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

विदर्भातल्या खेड्यांतून आलेल्या मुलांना मी बावीस वर्षे पोहणे शिकवीत आहे आणि आपण वर्णन केलेले दुखणे मी इतक्या वेळा पाहिले आहे की मुलीला न पाहताही पहिले निदान करण्याचे धाडस करतो. तिची कोलांटउडी वाईट असण्याची शक्यता कमी आहे. ती भिंत शोधत असावी. विहिरीत वाढलेले मूल डोके पाण्याबाहेर ठेवून पोहते, कारण त्याला पायरी कुठे आहे, पंपाचा पाइप कुठे आहे आणि वरून कोण उडी टाकत आहे हे सारखे पाहावे लागते. शिवाय कडेला पोचताच हात पुढे करून दगड धरायचा ही तिथली रीत असते. तलावात आल्यावर बाकीच्या पंधरा-वीस मीटरांत ही सवय झाकली जाते, पण भिंत जवळ आली की ती परत येते. शेवटच्या दोन मीटरांत हनुवटी वर उचलली जाते, त्याबरोबर कंबर खाली जाते, वेग मरतो आणि मग थांबलेल्या शरीराला नुसत्या ताकदीने गोल फिरवावे लागते. फिरणे संथ झाले की नाकात पाणी जायला वेळ मिळतो आणि अंतराचा अंदाज चुकला की पाय हवेतून भलतीकडे पडतात. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारी मला तरी या एकाच मुळाच्या फांद्या वाटतात.

काही वर्षांपूर्वी पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. गावच्या मालगुजारी तलावात तो तासन्‌तास पोहत असे आणि दमाला कोणालाही हार जाणारा नव्हता. भिंतीजवळ येताच मात्र तो मान उंचावून पाहायचा, डावा हात थोडा पुढे चाचपायचा आणि मगच उलटायचा. मी त्याला विचारले, “काय पाहून राहिला रे तिकडे?” तो म्हणाला, “भिंत आली का नाही ते पाहून राहिलो जी.” मी त्याला फक्त तळाकडे पाहायला शिकवले. त्यासाठी तीन आठवडे लागले, आणि उलटण्याविषयी वेगळे काही सांगण्याची वेळ फारशी आली नाही.

स्पर्धेच्या तलावात प्रत्येक लेनच्या तळावर जी काळी पट्टी असते, ती भिंतीच्या दोन मीटर अलीकडे संपते आणि तिथे एक आडवी रेघ असते. टी आकाराची ही खूण म्हणजे पोहणाऱ्याचा मैलाचा दगड. भिंतीवरही एक क्रॉस रंगवलेला असतो आणि त्याचा मध्य पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर असतो. या दोन्ही खुणा नजर खाली ठेवूनच दिसतात, त्यांसाठी मान उचलावी लागत नाही. तालुक्याच्या तलावांत पुष्कळदा त्या पुसट झालेल्या असतात किंवा मुळातच नसतात. आमच्याकडेही नव्हत्या, तेव्हा आम्ही ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबची हातभर लांब काळी पट्टी कापली, तिच्या दोन्ही टोकांना वाळूच्या छोट्या पिशव्या बांधल्या आणि भिंतीपासून दोन मीटर मोजून ती तळावर सोडली. तलावाच्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन आपणही हे करावे, आणि सराव संपल्यावर पट्टी आठवणीने बाहेर काढावी.

आता त्या खुणेपासून भिंतीपर्यंत किती हात मारायचे, हे प्रत्येकाचे प्रत्येकाने शोधायचे असते. उंची, हातांची लांबी आणि त्या दिवशीचा वेग यांवर ते अवलंबून असते, म्हणून व्हिडिओतल्या जलतरणपटूचे गणित तिला लागू पडणार नाही. डोके खुणेवर आल्यानंतर एक हात पूर्ण मारून दुसऱ्या हाताच्या शेवटी उलटले तर पाय कुठे पडतात, हे दहा वेळा करून पाहावे. पाय भिंतीला पोचत नसतील तर उलटणे अर्धा हात उशिरा करावे. गुडघे छातीला चिकटून दुमडत असतील तर थोडे आधी करावे. अंदाज पक्का करण्यासाठी पूर्ण वेगाने यावे लागते, हे मात्र विसरू नये. हळू येऊन बसवलेले अंतर स्पर्धेच्या वेगात चुकते, कारण वेगात येणारे शरीर उलटत असतानाही भिंतीकडे सरकत राहते.

शेवटच्या दोन हातांत श्वास घेऊ नये, असा माझ्याकडे नियमच आहे. श्वासासाठी मान वळली की खांदे वळतात, खांदे वळले की कोलांटउडी तिरपी होते आणि पाय क्रॉसच्या डावी-उजवीकडे पडतात. मुले म्हणतात की दम पुरत नाही. तो पुरतो, भिंतीच्या चार हात आधी एक भरपूर श्वास घेतला, तर उलटून वर येईपर्यंतचे पाच-सहा सेकंद चौदा वर्षांच्या निरोगी मुलीला जड नसतात. दम कमी पडतो तो बहुधा श्वास आत कोंडून धरल्यामुळे, आणि तिथेच नाकाचाही प्रश्न सुटतो. उलटताना डोके खाली आणि नाकपुड्या वर अशी अवस्था क्षणभर येते, त्या क्षणी नाकातून हवा बाहेर जात असेल तर पाणी आत येऊच शकत नाही. तिला सांगावे की हनुवटी छातीकडे नेताच ओठ मिटून “हंऽऽ” असा गुणगुणल्यासारखा आवाज काढायचा आणि पाय भिंतीला लागेपर्यंत तो थांबवायचा नाही. आवाज काढायचा म्हटले की मुलांना ते जमते, “श्वास सोडा” म्हटले की सगळी हवा एकदम सोडून मोकळी होतात. नाकाची क्लिप लावण्याचा सल्ला कोणी दिला तर मी तरी तो मानणार नाही.

प्रत्यक्ष उलटण्याबद्दल आता सांगतो. एक हात ओढून मांडीपाशी आला की त्याला तिथेच राहू द्यावे, दुसरा हातही ओढून दुसऱ्या मांडीपाशी यावा. या क्षणी शरीर बाणासारखे सरळ, दोन्ही हात कमरेशी आणि नजर तळाकडे असते. मग हनुवटी छातीला, पायांची एक छोटी डॉल्फिन किक (दोन्ही पाय जुळवून एकदम मारलेली लाथ) आणि कंबर पाण्याच्या वर. हात शोधायला जात नाहीत, जागेवरच तळवे खाली करून पाणी डोक्याच्या दिशेने दाबतात, त्यामुळे फिरायला मदत होते आणि उलटणे पूर्ण होते तेव्हा हात आपोआप डोक्यापलीकडे, म्हणजे जिकडे निघायचे आहे त्या दिशेला आलेले असतात. पुष्कळ मुले हात बाजूला पसरून वल्हवतात. त्याने शरीर कलंडते.

गुडघे किती दुमडायचे, हे समजावण्यासाठी मी विहिरीचीच मदत घेतो. मुटका मारताना मूल गुडघे पोटाशी घेऊन गाठोडे होते, आणि गाठोडे जितके लहान तितके ते झटकन फिरते, हे त्याने स्वतः अनुभवलेले असते. वस्तुमान अक्षाच्या जवळ आले की फिरण्याचा वेग वाढतो, हा भौतिकशास्त्राचा नियम त्याच्या अंगात आधीच मुरलेला असतो. म्हणून आपल्या मुलीला “मुटक्यासारखी हो” एवढे सांगणे पुरेसे ठरावे. खेड्यातल्या मुलांना उलटे होण्याची भीती नसते. शहरातल्या मुलांची ती घालवण्यातच माझा महिना जातो.

इथे एक विषयांतर करतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. त्याच ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकचे (पाठीवर पोहण्याच्या शर्यतीचे) सुवर्णपदक अमेरिकेच्या अ‍ॅडॉल्फ किफर यांनी जिंकले आणि त्या काळी नवलाईचा असलेला कोलांटउडीचा टर्न प्रचारात आणणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. कोलांटउडी आपल्या आखाड्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, पाण्यात ती कामाला लावायचे तेवढे आपल्याकडे उशिरा सुचले.

पाय भिंतीवर कसे पडावेत, याकडे आपण काठावर उभे राहून लक्ष देऊ शकता. दोन्ही पाय एकाच वेळी, कमरेइतक्या अंतरावर, बोटे वरच्या दिशेला किंवा जराशी बाजूला वळलेली, आणि स्पर्श टाचेचा नसून चवड्यांचा असावा. खोली क्रॉसच्या मध्याएवढी, म्हणजे साधारण वीतभर ते हातभर यांच्या मधली. टाच पन्हळीवर आपटते याचा अर्थ पाय पाण्यावरून मोठा गोल घेऊन येत आहेत, म्हणजे गुडघे पुरेसे दुमडलेले नाहीत किंवा ती भिंतीच्या फार जवळ उलटत आहे. गुडघ्याचा कोन मी काटकोनापेक्षा थोडा मोठा मागतो, अंदाजे ११० अंशांच्या आसपास. याहून जास्त दुमडले तर उठाबशीच्या तळातून उठल्यासारखा भार पडतो आणि वेळ जातो. पाय जवळजवळ सरळ असतील तर ढकलायला काही उरतच नाही.

आता मला जी चूक सर्वांत महाग वाटते तिच्याकडे येतो. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकलेली जवळजवळ सगळी मुले उलटता उलटताच पालथी होण्याचा प्रयत्न करतात, कारण व्हिडिओत शेवटी जलतरणपटू पालथा दिसतो. त्यामुळे पाय भिंतीवर वाकडे पडतात, शरीर पिळवटलेले असते आणि अशा अवस्थेत मारलेली ढकल अर्धी वाया जाते. तिने सरळ उलटावे, पाय लागतील तेव्हा ती उताणी असावी आणि उताणीच ढकलून निघावे. पालथे होणे हे ढकल सुरू झाल्यावर सरकता सरकता, आधी कुशीवर आणि मग पोटावर, असे सावकाश होऊ द्यावे. फ्रीस्टाइलमध्ये भिंतीवरून उताणे निघण्यास नियमाची कोणतीही आडकाठी नाही.

आपली मुलगी भिंतीनंतर मागे पडते, याचे दुसरे कारण इथे लपलेले असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून हा भाग जरा विस्ताराने लिहितो. भिंत जोरात ढकलून निघालेल्या शरीराचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त असतो. सुरुवातीची उडी सोडली तर पूर्ण शर्यतीत तिला इतका वेग दुसरीकडे कुठेही मिळत नाही. पाण्याचा अडथळा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला की अडथळा सव्वादोन पट होतो. म्हणजे ज्या क्षणी शरीर सर्वांत वेगात आहे, त्याच क्षणी थोडीशी वाकडी मान, थोडेसे उघडे कोपर आणि थोडी लोंबणारी कंबर यांची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते. एका तळहातावर दुसरा तळहात, वरच्या हाताच्या अंगठ्याने खालच्या हाताची कड धरलेली, दंड कानांच्या मागे दाबलेले, पोट आत, पावले ताणलेली, ही स्ट्रीमलाइनची स्थिती पायांनी ढकलण्यापूर्वी तयार असली पाहिजे. आधी ढकलून मग हात जुळवणारे मूल पहिला मीटर हातांनी ब्रेक लावत काढते.

खोलीचाही विचार करावा. पृष्ठभागालगत सरकणारे शरीर लाटा उठवते आणि त्या लाटांत तिची मेहनत जाते. अर्ध्या मीटरच्या आसपास खोलीवरून निघाले तर हा तोटा बराच कमी होतो. त्याहून फार खाली गेले तर वर येण्यातच वेळ जातो. म्हणून ढकल आडवी असावी, वरच्या दिशेने नसावी. विहिरीची सवय असलेली मुले तळाला पाय मारून वर उसळतात, तसेच ती भिंतीवरूनही वर उसळतात. मग पाण्याबाहेर डोके लवकर येते, घाईने श्वास घेतला जातो आणि दोन मीटरांत सगळा वेग संपतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे होते का, हे काठावरून सहज दिसेल. तिचे डोके भिंतीपासून किती अंतरावर बाहेर येते, ते पाहावे. अडीच-तीन मीटरांवर येत असेल तर तिथेच ते अंगभर अंतर हरवले आहे.

मी मुलांकडून आधी पाय अजिबात न हलवता नुसती ढकल मारून घेतो. भिंतीपासून पाच मीटरवर लेनच्या दोरीला लाल कापडाची चिंधी बांधायची आणि हातांची बोटे तिथवर पोचली पाहिजेत, एवढीच अट. ते जमल्याशिवाय डॉल्फिन किक शिकवत नाही, कारण वाकड्या शरीराला किक जोडून फारसा लाभ होत नाही. त्यानंतर दोन किक, पुढे तीन किंवा चार. किक सुरू करण्याची वेळ महत्त्वाची आहे. ढकलीचा वेग अजून भरात असताना पाय हलवले तर उलट अडथळाच वाढतो, वेग पोहण्याच्या वेगाइतका उतरू लागला की किक लागतात. पहिल्याने ते अर्ध्या सेकंदाचे नुसते सरकणे मुलांना सहन होत नाही. वर येताना पहिला हात खालच्या बाजूचा ओढावा, म्हणजे कुशीवरून पोटावर येणे आणि पृष्ठभाग फोडणे एकाच ओढीत होते. पहिल्या हाताला श्वास नाही. जागतिक नियमाप्रमाणे फ्रीस्टाइलमध्ये टर्ननंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येते आणि तोवर डोके बाहेर यावे लागते, पण आपल्या मुलीला त्या मर्यादेची काळजी करण्याचे सध्या कारण नाही. सहा मीटर स्वच्छ आले तरी शर्यत पालटेल.

पाण्याखाली दम धरण्याचा सराव मात्र एकटीने करू देऊ नये, ही माझी कळकळीची सूचना आहे. घाईघाईने खूप श्वास घेऊन मग पाण्याखाली लांब जाण्याची पैज मुले लावतात. त्यात शरीराला श्वास घेण्याची हाक येण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते आणि चांगले पोहणारे मूलही आवाज न करता बुडते. काठावर नजर ठेवणारे माणूस नसेल तर त्या दिवशी पाण्याखालचा सराव करू नये.

घरच्या विहिरीबद्दलही याच जोडीने सांगून टाकतो. टर्नचा सराव विहिरीत करू नये. दगडी बांधकामाला सपाट भिंत नसते, शेवाळाने पाय घसरतो, कपारीत बोटे अडकतात आणि पाण्यात सोडलेली मोटार व तिची केबल असेल तर धोक्याचे स्वरूपच वेगळे होते. विहिरीत तिने पोहावे, तेही मोटारीचा वीजपुरवठा बंद करून आणि मोठे माणूस काठावर असताना. भिंतीपासून दूर, विहिरीच्या मधोमध, हात कमरेशी ठेवून एक पुढची कोलांटउडी आणि “हंऽऽ” एवढा सराव तिथे होऊ शकतो.

घरी करण्यासारखे मात्र बरेच आहे, आणि ज्यांना तलाव रोज मिळत नाही त्यांच्यासाठी मला ते तलावाइतकेच मोलाचे वाटते. अंगणात सतरंजी टाकून भिंतीशी उताणे झोपावे, चवडे भिंतीवर टेकवावेत, गुडघ्यांत काटकोनापेक्षा थोडा मोठा कोन करावा आणि हात डोक्यापलीकडे जुळवून ताणावेत. भिंत तिच्यासमोर आणि आकाश डोळ्यांपुढे, अशी ही टर्नमधली नेमकी स्थिती आहे. डोळे मिटून उठावे, दोन पावले चालावे आणि परत न पाहता त्याच स्थितीत यावे. आठवड्याभरात अंगाला ती जागा ओळखीची होते. दुसरे म्हणजे हात स्ट्रीमलाइनमध्ये ठेवून अर्ध्या बैठकीतून उभ्या उड्या, दहा-दहाच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. तिसरे म्हणजे भिंतीला पाठ लावून उभे राहणे आणि टाचा, पाठ, डोक्याचा मागचा भाग व जुळवलेले हात एकाच वेळी भिंतीला टेकवण्याचा प्रयत्न करणे. खांदे आखडलेले असतील तर हात टेकणार नाहीत. कापूस वेचताना किंवा अभ्यासाला वाकून बसणाऱ्या मुलींचे खांदे पुढे आलेले मी पाहतो, त्यांना ताणण्याचे व्यायाम महिनाभर तरी द्यावे लागतात. जबरदस्तीने ओढू नये.

तलावावर सरावाचा क्रम मी असा ठेवतो. पहिला आठवडा भिंतीपासून दूर : लेनच्या मध्यावर सहा हात मारायचे, दोन्ही हात कमरेशी, कोलांटउडी, आणि उताणे थांबायचे. दुसऱ्या आठवड्यात भिंतीपाशी उलटून पाय टेकवायचे आणि ढकल न मारता तिथेच थांबायचे. आपण काठावरून पाय कुठे पडले ते सांगायचे. याच काळात वेगळ्या वेळी, काठ धरून उताण्या स्थितीतून नुसत्या ढकली मारायच्या. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही जोडायचे, पण भिंतीकडे येताना पूर्ण वेग आणि निघाल्यावर चिंधीपर्यंतच. पुढे पूर्ण लांबीच्या पोहण्यात मिसळायचे. एका दिवसात नेटके वीस-पंचवीस टर्न पुरे, दमल्यावर मारलेले पन्नास टर्न चुकाच पाठ करून घेतात. या काळात भिंतीशी येऊन काठ धरायचा, चष्मा ठीक करायचा आणि मग निघायचे, ही मुलांची आवडती सवय बंद करावी लागते. रोजच्या पोहण्यात टर्न चुकवणारी मुलगी स्पर्धेत तो अचूक मारील, असे मला कधी आढळलेले नाही. आठवड्यातून चार दिवस तलाव मिळाला तर सहा ते आठ आठवड्यांत फरक घड्याळात दिसावा. मे महिन्यातल्या गर्दीत हे जमणार नाही. पहाटेची पहिली बॅच मागून घ्यावी.

घड्याळ कसे लावायचे, हेही आपण शिकून घ्यावे, कारण डोळ्यांना वेगवान वाटलेला टर्न बहुधा नुसताच खळबळाट असतो. पाच मीटरच्या चिंधीशी उभे राहावे. भिंतीकडे जाताना तिचे डोके चिंधी ओलांडते तेव्हा स्टॉपवॉच सुरू करावे आणि परत येताना डोके चिंधी ओलांडते तेव्हा बंद करावे. त्यानंतर लेनच्या मधल्या भागात सरळ दहा मीटर पोहायला तिला किती वेळ लागतो ते मोजावे. आपण सांगितलेल्या वेळेवरून हिशेब केला तर तो साडेआठ सेकंदांच्या आसपास येईल. टर्नचा वेळ त्याहून कमी असला पाहिजे. जास्त असेल तर भिंत तिला पुढे ढकलण्याऐवजी अडवत आहे. २५ मीटरच्या तलावातले विक्रम ५० मीटरच्या तलावातल्या विक्रमांपेक्षा वेगवान असतात, ते याच भिंतीच्या बळावर. तिच्या तलावात १०० मीटरला तीन टर्न होतात. प्रत्येकी अर्धा सेकंद वाचला तरी दीड सेकंद झाला, आणि तो हातपायांची ताकद न वाढवता मिळालेला असतो.

नियमांविषयी एक अनुभव नोंदवतो. एका तालुकास्तरीय स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थिनीला फ्रीस्टाइलमध्ये “भिंतीला हात लावला नाही” या कारणाने बाद ठरवण्यात आले होते. फ्रीस्टाइलच्या टर्नमध्ये शरीराच्या कोणत्याही भागाने भिंतीला स्पर्श झाला तरी चालतो आणि पायांचा स्पर्श पुरेसा असतो. दोन्ही हातांनी एकाच वेळी स्पर्श करण्याची सक्ती ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला आहे. पंचांना नियम दाखवून ती चूक दुरुस्त करून घेता आली, पण मुलीची ती शर्यत मनातून गेली ती गेलीच. नियमाचा छापील कागद सोबत असावा आणि शर्यतीपूर्वी नम्रपणे विचारून घ्यावे. पाय भिंतीला लागले नाहीत असे तिला जाणवले, तर पुढे निघून जाऊ नये, मागे वळून स्पर्श करावा. घाबरून तळावर उभी राहिली तरी फ्रीस्टाइलमध्ये तेवढ्याने ती बाद होत नाही, मात्र तळावरून चालता येत नाही.

बॅकस्ट्रोकचा टर्न आपण विचारलेला नाही, तरी ती पुढे तो पोहणार असेल तर एवढे ध्यानात असावे की तिथे भिंतीआधी पोटावर वळल्यानंतर लगेच, न थांबता, हाताची एक सलग ओढ घेऊन उलटावे लागते. वळून नुसते सरकत राहिले तर बाद ठरवले जाते, आणि भिंतीवरून निघताना पाठीवर असावे लागते. भिंतीपासून पाच मीटरवर, पाण्यापासून १.८ मीटर उंचीवर टांगलेल्या पताकांवरून हात मोजायचे असतात. आपल्या तलावावर पताका नसतील तर दोन बांबू आणि रंगीत चिंध्यांची दोरी यांनी काम भागते.

शेवटी स्पर्धेच्या दिवसाबद्दल. जिल्ह्याचा किंवा विभागाचा तलाव तिच्या तलावासारखा नसेल. पाणी काठाबरोबर असेल किंवा हातभर खाली असेल, फरशी गुळगुळीत असेल, तळ उतरता असल्यामुळे टी खूण एका टोकाला जवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब भासेल. तलाव ५० मीटरचा असला तर १०० मीटरला एकच टर्न येईल आणि तोही ती दमलेली असताना. म्हणून शर्यतीआधीच्या सरावाच्या वेळेत इतर मुली लांब-लांब पोहत असताना तिने आपल्या लेनच्या दोन्ही टोकांना पूर्ण वेगाने येऊन किमान तीन-तीन टर्न मारावेत. पहिल्या टर्नला पाय घसरला तर दुसऱ्या वेळी ते थोडे खाली ठेवावेत, कारण शेवाळ आणि तेलकट थर बहुधा पाण्याच्या रेषेलगतच साचलेला असतो.